डावऱ्याची कलमं

मुकादमानं दोन लांब शिट्ट्या मारल्या की नासपतीच्या बागेतली माणसं जमिनीनं गिळल्यासारखी नाहीशी होत. तपासणीची गाडी फाटकाशी थांबायची, साहेब लोक उतरायचे, कागद हातात धरून रांगेरांगेनं हिंडायचे आणि त्यांना दिसायची ती फक्त झाडं, टोपल्या आणि हात जोडून उभा असलेला एकटा मुकादम. एकदा एका साहेबानं विचारलं होतं, "एवढी बाग तुम्ही एकटेच सांभाळता?" त्यावर मुकादम म्हणाला होता, "देवाची कृपा आहे." ही गोष्ट मजुरांच्या अकरा घरांत सांगून सांगून गुळगुळीत झाली होती, तरी दर वेळी हसू यायचंच.

ही सगळी घरं हद्दीपलीकडून आलेली. लपण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोण पाण्याच्या पाटात आडवं होई, कोण खताच्या ढिगामागं. लेकरांनाही रडं गिळायला शिकवलेलं होतं. कुठल्या कागदावर नाव नाही, कुठल्या फोटोत चेहरा नाही, अशी सात वर्षं काढल्याचा थोरलीला थोडा अभिमानसुद्धा होता.

थोरली म्हणजे कलमवाल्याची बायको. सासरची ती थोरली सून. धाकट्या जावा तिकडं गावातच राहिल्या, पण सासू हिच्याबरोबर आली आणि सासूच्या तोंडची ती हाकही आली. आता मुकादमापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळे तिला थोरलीच म्हणत. नवऱ्याला म्हणत डावरा. तो चाकू डाव्या हातात धरायचा, त्यामुळे त्याचा काप इतरांपेक्षा उलट्या बाजूला उतरता पडायचा. रानटी खुंटावर एक तिरका काप, गोड झाडाच्या काडीवर तसाच दुसरा, आणि दोन्ही एकमेकांवर असे बसायचे की मधून केस जाऊ नये. मग समोर बसलेली थोरली त्यावर पट्टी गुंडाळायची. सात वर्षं दोघांनी असंच केलं. काप त्याचा, पट्टी तिची. कामात बोलायची गरज पडत नसे, आणि घरीही डावरा फार बोलेल अशातला नव्हता.

थंडी सरत आली होती. काड्यांवरचे डोळे फुटायच्या आत कलमं उरकायची म्हणून सगळी माणसं रांगेत वाकलेली. डावऱ्यानं काडीला चाकू लावला आणि शिट्टी झाली.

चाकू मिटायला दोन क्षण लागतात. तेवढे त्यानं घेतले नाहीत. उघडा चाकू हातात तसाच धरून तो पळाला, पाण्याच्या नळावरून उडी मारताना पाय सरकला आणि तो पाटात पडला तो त्याच हातावर. थोरली मागोमाग आत उतरली. बघते तर अंगठ्याच्या मुळापासून तळव्याच्या निम्म्यापर्यंत चीर पडलेली, आत पांढरं काहीतरी दिसत होतं. तिनं डोक्याचा रुमाल सोडून आधी त्याच्या तोंडात कोंबला आणि मग दोन्ही हातांनी त्याचं मनगट आवळून धरलं.

वर, त्यांच्या डोक्यापासून पाच-सहा हातांवर, साहेब लोक उभे राहिले.

"यंदा थंडी लांबली," एक म्हणाला.

"आमच्याकडं तर पाण्याचे पाइप फुटले," दुसरा म्हणाला.

पाइप कुणाकडून दुरुस्त करून घेतले, त्यानं किती दिवस खेपा घालायला लावल्या, सगळं पुराण झालं. डावऱ्यानं हूं केलं नाही. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो बायकोकडं बघत होता. तिनं पट्टी बांधताना लावायची तेवढीच ताकद, तशीच, न हलता लावून ठेवली.

दवाखान्यातल्या नर्सनं मागच्या दारानं आत घेऊन टाके घातले. जखम भरली, पण अंगठा आणि शेजारचं बोट काही जवळ येईना. चमचा धरला तर गळून पडायचा.

महिन्याभरानं मालक आला. मालक वाईट माणूस नव्हता आणि तीच तर पंचाईत होती. वाईट माणसाला मनातल्या मनात शिव्या तरी देता येतात. तो सासूच्या खाटेपाशी बसला, हात बघितला, खरोखर हळहळला.

"खोली कलमवाल्याची आहे," शेवटी तो म्हणाला. "दुसरा कलमवाला येईल, त्याला कुठं ठेवू? फळं उतरेपर्यंत राहा. त्यापुढं माझा इलाज नाही."

"मालक, एक पत्र द्या," थोरली म्हणाली. "सात वर्षं इथं आहोत एवढंच लिहा. सात वर्षं झाली की राहण्याचा दाखला मिळतो म्हणतात. दाखला असला तर गावात कुठंही खोली मिळेल."

मालकानं टोपी डोक्यावरून काढली, परत घातली. "सात वर्षं तुम्ही इथं आहात असं लिहिलं, तर सात वर्षं मी साहेबाला काय सांगत होतो? एवढं मागू नकोस बाई."

तो गेल्यावर सासू खाटेवरून म्हणाली, "भला माणूस. दार हळू लावून गेला."

सासूची जीभ अशीच होती. पाय निकामी झाले तशी सगळी ताकद तिथं येऊन बसली होती. परत जायचं म्हटलं तर या बाईला डोंगर ओलांडून कसं न्यायचं, आणि न्यायचं तरी कुठं, तिकडचं घर दिरांनी कधीच वाटून घेतलं होतं. आणि लेक? ठकी इथंच बागेतल्या छपरात जन्मलेली. तिला डोंगरापलीकडं काही आहे हेच खरं वाटत नसे.

दर गुरुवारी दुपारी गावातल्या गिरणीत मजुरांची बैठक व्हायची. बैठक म्हणजे पोत्यांवर बसलेले बाया-गडी आणि मधे मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण समोर चार डोकी दिसली की त्यांचा हात खडू शोधायचा. गिरणीच निवडली ती आवाजासाठी. दाराशी कुणी परकं दिसलं की गिरणीवाला पट्टा सुरू करायचा, मग काय बोलता आहात ते शेजारच्यालाही कळायचं नाही. बैठक संपली की सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. गिरणीवाला म्हणायचा, "एका तासात म्हातारं करून सोडतो बघा तुम्हाला."

थोरली तिथं पहिल्यांदाच गेली. मालक काय म्हणाला ते तिनं सांगितलं.

"पत्र नाही, फोटो नाही, पावती नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "लेकीच्या जन्माची नोंद?"

"नाही केली बाई. भ्यायलो."

"म्हणजे इतकं चांगलं लपलात, की आता तुम्ही होतात हे तुम्हालाच सिद्ध करता येईना."

कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढं गेलं नाही. प्रत्येकाच्या घरी तीच गत होती.

"बरं, असं बघा," बाई म्हणाल्या. "कागदावर नाव नाही. पण हात तर कुठं ना कुठं लागलेत ना? कुणी कुणाचं काय केलंय ते आठवा. आणि अर्ज एकेकट्यानं करायचा नाही. अकरा घरांचे अकरा अर्ज एका दिवशी. एकेकाला उचलून बाजूला ठेवता येतं, अकरांना ठेवायला टेबल पुरणार नाही. अर्जाची पोच हातात पडली की निकाल लागेपर्यंत कुणाला हाकलता येत नाही, तसा नियम आहे."

मग एकेक जण आठवू लागलं. एकानं गावच्या दवाखान्याची भिंत बांधली होती, ओल्या सिमेंटवर गमतीनं पंजा उठवला होता. एका बाईनं सुताराच्या आजारी बापाला चार वर्षं अंघोळ घातली होती. थोरलीला मात्र काही सुचेना.

"अगं, माझ्या मागच्या अंगणातलं झाड कुणाचं?" गिरणीवाला ओरडला. "डावऱ्यानंच कलम केलंय ना? एका फांदीवर पिवळी नासपती, एका फांदीवर लाल. बायको अजून पाहुण्यांना दाखवते."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं. सुट्टीच्या दिवशी डावरा गावात कुणाच्याही अंगणात कलम करून द्यायचा. काही घ्यायचा नाही. म्हणायचा, हात बसलेला राहतो. चाळीसेक झाडं तरी असतील, आणि प्रत्येकावर तो उलटा काप. झाड वाढलं तरी तो वण मोडत नाही, झाडाबरोबर वाढतो. शिवाय दर वर्षीची वाढ जिथं थांबते तिथं फांदीला एक बारीक कडं पडतं. वणापासून वर कडी मोजली की किती वर्षं झाली ते बाग ओळखणारा कुणीही सांगेल.

घरी येऊन तिनं हे सांगितलं तर डावरा भिंतीकडं तोंड करून बसला.

"झाडं साक्ष देणार. वा," तो म्हणाला. "सात वर्षं गप बसलो म्हणून टिकलो. आता आपण होऊन दारात जाऊन उभं राहायचं?"

"अहो, टिकलो कुठं? फळं उतरली की बाहेरच आहोत."

"माझ्यामुळं ना? म्हण की तसं."

थोरलीनं भाकरी परतायची सोडून त्याच्याकडं बघितलं. सात वर्षांत तिनं आवाज चढवला नव्हता, तो आताही चढवला नाही. "तुमच्यामुळंच चाळीस झाडं उभी आहेत," ती म्हणाली. "तेवढं तरी माझ्या उपयोगी पडू द्या." भाकरी करपली. सासू म्हणाली, करपली तर करपली, आज पहिल्यांदा घरात कामाचं बोलणं झालं.

दुसऱ्या दिवसापासून ती काम सुटल्यावर दारोदार जाऊ लागली. लोक वाईट नव्हते. कुणी हो म्हणालं, कुणी घरच्यांना विचारून सांगते म्हणालं, कुणी नुसतं पाणी दिलं. पण गाडी अडली ती एका झाडापाशी. तीन वर्षांची झाडं होती, पाच वर्षांची होती. सात वर्षांपूर्वीचं, ते आले त्याच वर्षीचं, असं झाड सगळ्या गावात एकच होतं. पोस्टमास्तरांच्या अंगणातलं.

पोस्टमास्तरांच्या बायकोनं जाळीचं दार उघडलं नाही. जाळीतून तिचा चेहरा नीट दिसतही नव्हता.

"आमच्या यांची सरकारी नोकरी," ती आतून म्हणाली. "आम्हाला साक्षीबिक्षीत ओढू नका बाई. झाडाचं काय, कुणीही लावलेलं असेल."

थोरली वळली, तोच दार हातभर उघडलं आणि एक पिशवी बाहेर आली. "हे घेऊन जा. जुनं आहे, पण बरं आहे." दार लागलं.

पिशवीत एक निळा फ्रॉक होता. नको म्हणायला समोर माणूसच नव्हतं. वाटेत तिनं पिशवी दोनदा टाकून द्यायची म्हटली आणि दोनदा काखेत घट्ट धरली. घरी ठकीनं तो घातला तर खांद्याला, लांबीला, कुठं बोटभर कमी नाही की जास्त नाही. ठकी गिरक्या घेऊ लागली. थोरली पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेली आणि नळापाशी बसून रडली.

अकरा अर्ज एका दिवशी गेले. पोच घेऊन माणसं कचेरीबाहेर आली तेव्हा एकमेकांकडं बघायला लाजत होती. आपलं नाव पहिल्यांदाच छापलेल्या कागदावर बघितलं होतं सगळ्यांनी.

डावऱ्याची सुनावणी भर उन्हाळ्यात लागली. खोलीत पंखा होता, पण तो सुनावणी घेणाऱ्या साहेबाकडंच बघत होता. साहेबाला खोकला होता. मास्तरीणबाई आल्या होत्या, गिरणीवाला आला होता, तोही भुवया पुसून. डावरा दुखरा हात खिशात घालून कडेला उभा होता.

"सात वर्षांचा पुरावा?" साहेबानं विचारलं. "तुमच्या नावाचा कागद, पावती, फोटो?"

"काही नाही साहेब," थोरली म्हणाली. "आम्ही लपत होतो."

साहेबानं मान वर केली. बहुधा असं उत्तर त्याला कुणी दिलं नव्हतं. "आणि हे साक्षीदार?"

"हे खरं बोलतील."

"माणसं माणसासाठी खोटंही बोलतात बाई. माझा जन्म गेला ऐकण्यात."

"मग झाडं बघा," ती म्हणाली. "ती इथं येत नाहीत. तुम्ही चला. लांब नाही."

साहेब खोकला, पाणी प्याला, समोरच्या गठ्ठ्याकडं त्यानं बघितलं. मग शेजारच्या कचेरीतल्या शेतीखात्याच्या माणसाला हाक मारली आणि छत्री घेतली. सकाळपासून बसून त्याचेही पाय आखडले असावेत.

थोरली पुढं, बाकीचे मागं. पोस्टमास्तरांच्या फाटकाशी ती थांबली. कुंपणाबाहेरून दिसतंय तेवढं तरी दाखवू, असा तिचा हिशेब होता. शेतीखात्याचा माणूस मात्र सरळ आत शिरला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं खोडावर अंगठा फिरवला.

"काप उलटा आहे," तो म्हणाला. "डावखुरा माणूस. आणि काय सुरेख बसवलाय." मग फांदी धरून बोटानं कडी मोजत वर गेला. "सहा... सात. वर यंदाचा कोवळा शेंडा. सात पुरी झाली साहेब."

"पण तो डावखुरा हाच कशावरून?" साहेब म्हणाला. "हात दाखवा तुमचा."

डावऱ्यानं खिशातून हात काढला. साहेबानं त्या वाकड्या अंगठ्याकडं बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. तेवढ्यात जाळीचं दार वाजलं.

पोस्टमास्तरांची बायको बाहेर आली. थोरलीनं तिला उजेडात आज पहिल्यांदा नीट बघितलं. बारीकशी, चष्मा लावलेली बाई. तिच्या हातात एक लाकडी स्टूल होतं.

"यानंच केलंय," ती म्हणाली. "आणि ही समोर बसून पट्टी बांधत होती. पोटुशी होती, दिवस भरत आलेले. पाय असे सुजले होते. मी हे स्टूल दिलं होतं बसायला. उठताना हिनं ते स्वतःच्या रुमालानं पुसून जागेवर ठेवलं. म्हणून लक्षात राहिली."

साहेब लिहू लागला. ती बाई मात्र थांबेना. इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर पडत होतं.

"तपासणीची गाडी याच रस्त्यानं जाते साहेब. गाडी गेली की मी खिडकीत येते. म्हणते, आता ही कुठंतरी ओल्यात पडली असेल, पोटाशी लेकरू धरून. गाडी परत जाईपर्यंत माझं चूल पेटवायला मन होत नाही. पोरगी बाजाराला येते तेव्हा बघते ना मी. दर वर्षी बोटबोट वाढते. सात पुरी झाली असतील तिला."

"मग हे आधी का नाही बोललात?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"भीती काय फक्त यांनाच वाटते?" ती म्हणाली, आणि चष्मा काढून पुसू लागली.

थोरलीला वाटत होतं, आपण सात वर्षं कुणाला दिसलो नाही. पाटात, ढिगामागं, अंधारात पडून तिनं ठकीच्या तोंडावर हात ठेवला होता, आणि रस्त्यापलीकडं एक बाई तिच्यासाठी चूल न पेटवता उभी होती. ती त्या स्टुलावर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. डावऱ्यानं धड नसलेला हात तिच्या खांद्यावर ठेवला, सगळ्यांसमोर, कधी नव्हे तो.

दाखला फळं उतरायच्या आठ दिवस आधी आला. त्यानंतर साहेबानं बाकीच्या घरांचे पुरावेही जागेवर जाऊन बघायचे ठरवले. सिमेंटमधला पंजा मापून झाला, सुतार बापाचा फोटो घेऊन येऊन गेला. चार घरांना दाखले मिळाले, सहांच्या तारखा पडत राहिल्या, पण पोच सगळ्यांच्या खिशात होती. गिरणीमागची खोली डावऱ्याला मिळाली. सासूला दोघा-तिघांनी खाटेसकट उचलून नेलं. वाटभर ती म्हणत होती, "हळू रे, मी दाखल्याची बाई आहे."

परत थंडी सरत आली. मालकाला दुसरा कलमवाला मिळाला होता, पण त्याची निम्मी कलमं वाळली. मग मालकच एक दिवस गिरणीत आला, टोपी काढली, घातली आणि दोघांना कामावर बोलावून गेला. आता चाकू थोरलीच्या हातात होता. तिचा काप उजवा, इतरांसारखा. डावरा समोर बसून पट्टी बांधायचा, एक टोक उजव्या हातात, एक दातांत. पहिल्या दिवशी तिनं चौदा काड्या वाया घालवल्या. त्यानं पंधरावी पुढं केली.

त्या दिवशी ती रांगेच्या मधोमध बसली होती. काडीला चाकू लावला आणि दोन लांब शिट्ट्या झाल्या.

सगळी रांग एकदम उठली. पोच खिशात होती, दाखले घरी होते, पण पायांना हे कुणी सांगितलं नव्हतं. थोरलीही निम्मी उठली होती. डावऱ्याच्या दातांत पट्टी होती, त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं तो वाकडा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला.

ती बसली. तिनं चाकू मिटला नाही. शेजारची बाई उभ्याउभ्या तिच्याकडं बघत राहिली आणि मग तीही खाली बसली. तिच्या पलीकडचा बसला. पाटापर्यंत पोचलेला एक जण परत आला, पाय झटकत. मुकादमानं पुन्हा शिट्टी मारली, या वेळी जरा जास्तच जोरात, आणि मग ती त्याच्या तोंडातून खाली पडून छातीवर लोंबत राहिली.

साहेब लोक फाटकातून आत आले आणि जागीच थबकले. इतकी वर्षं रिकामी बघितलेली बाग माणसांनी भरलेली होती.

"अहो मुकादम," एक जण म्हणाला, "ही किती माणसं आहेत?"

मुकादमाला देवाची कृपासुद्धा आठवेना.

थोरलीनं काप पुरा केला, काडी खुंटावर बसवली, नवऱ्यापुढं धरली आणि मान वर केली.

"मोजा साहेब," ती म्हणाली. "सावकाश मोजा. आम्ही इथंच आहोत."